चिंचेवरची म्हातारी

१६ जुलै

आज पहिल्या वर्षाची दोन मुलं ग्रंथालयात आली. दोघांच्या हातात पांढरी काठी. मुलगी पुढे आणि मुलगा तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. मुलगी पायल, अंबरनाथच्या बुवापाड्यातून येते. मुलगा उन्मेष, आमच्याच बदलापूरचा. दोघांनाही जन्मापासून दिसत नाही.

पायलनं काउंटरवर हात ठेवला आणि विचारलं, "काका, इथे माझ्यासाठी काय आहे?"

लग्नाआधीपासून मी या काउंटरमागे आहे. पुस्तकं काढून देतो, परत लावतो, फाटली तर शिवून पुठ्ठा घालतो. उल्हासनगरच्या कुठल्याही कॉलेजात इतकी नीट बांधलेली पुस्तकं नसतील, असं आमच्या ग्रंथपाल माधवी मॅडम म्हणतात. पण आज मला त्या मुलीच्या हातात काही ठेवता आलं नाही. "आता फोनवर सगळं ऐकता येतं ना?" असं काहीतरी पुटपुटलो.

"ऐकते ना. शाळेत वाचायचे. कॉलेजला आल्यापासून नुसतं ऐकतेच आहे."

जाताना तिनं कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरून हात फिरवला. "वास मस्त आहे," म्हणाली.

संध्याकाळी वंदना म्हणताना मन ठिकाणावर नव्हतं. मुखानं त्रिशरण चालू होतं आणि डोळ्यांपुढे तो हात.

२१ जुलै

ब्रेल शिकायचं म्हटलं, तर उन्मेषनं त्याची जुनी स्लेट मला दिली. "घ्या काका, तुम्हाला एवढी हौस आहे तर."

ही धातूची पट्टी असते, तिच्यात बारीक चौकटींच्या ओळी. मध्ये जाड कागद अडकवायचा आणि टोच्यानं ठिपके पाडायचे. एका चौकटीत सहा ठिपक्यांची जागा, त्यातले कुठले पाडले यावरून अक्षर ठरतं. गंमत अशी की लिहायचं उजवीकडून डावीकडे, उलटं. कागद पालथा केला की उंचवटे वर येतात आणि मग सुलटं वाचायचं.

मी फोनवर अक्षरांचा तक्ता बघून सरळच टोचलं. उन्मेषनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, हे कुठल्या देशातलं?"

गावच्या शाळेत गुरुजींनी हातात पाटी दिली होती. पन्नाशीला आल्यावर पुन्हा पाटीच हातात आली.

२७ जुलै, रविवार

विहारातून येताना उल्हासनगरला उतरून कागद घेतला. ब्रेलला पातळ कागद चालत नाही, टोच्या आरपार जातो. दुकानदार सिंधी, ओळखीचा. लग्नपत्रिकेचा जाड कागद मागितला तर म्हणाला, "अरे वा साईं, घर में शादी? बताया नहीं." खरं कारण सांगितलं. त्यानं गल्ल्यावरून उठून आतून कापलेल्या पत्रिकांच्या कागदाचा गठ्ठा आणून दिला. "ये भी ले जाओ. बच्चे पढ़ेंगे तो अच्छा है."

मांजर्लीला घरी पोचलो तर नदीचं पाणी सोसायटीच्या गेटाशी आलेलं. सगळ्यांनी टीव्ही आणि धान्य उचलून वर ठेवलं, मी आधी कागद माळ्यावर टाकला. माझी बायको माया बघत होती. म्हणाली, "तांदूळ भिजले तरी चालतील. आपण ठिपके खाऊ."

९ ऑगस्ट

अक्षरं येतात आता. जोडाक्षरं छळतात, आणि पहिली वेलांटी. आपण ती अक्षराच्या आधी काढतो, इथे अक्षराच्या नंतर टोचायची. जन्माची सवय, हात आधीच वळतो.

मी वाचतो ते डोळ्यांनीच. पांढऱ्यावर पांढरे ठिपके, समोरून दिसत नाहीत. कागद खिडकीशी तिरपा धरला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, मग अक्षर लागतं. हे मुलांना सांगितलं तर पायल हसत सुटली. "म्हणजे तुम्ही बघून वाचता?"

"मग काय करू?"

"ही तर कॉपी झाली काका," उन्मेष म्हणाला. "परीक्षेत पकडतील."

घरी डोळे मिटून बोटानं करून पाहिलं. नुसती खरखर लागते. त्या खरखरीतून ही मुलं आख्खं वाक्य कसं उचलतात ते तीच जाणोत. मायानं तिचं नाव टोचायला सांगितलं. चारच चौकटी लागल्या. तिनं कागद घेतला, बोट फिरवलं आणि "एवढंसंच?" म्हणाली. नंतर पाहिलं तर मिसळणाच्या डब्याखाली ठेवला होता.

२ सप्टेंबर

मराठीच्या पेपराच्या टिपणांची दोन पानं टोचून पायलला दिली. तिनं वाचली. "तीन चुका. पास आहात."

दिवसभर मनातून फुगून होतो. इथे लिहून ठेवतो, म्हणजे जरा उतरेल.

१८ नोव्हेंबर

परीक्षा झाल्या, आता स्पर्धांचे दिवस. आमच्या कॉलेजात आसपासच्या सगळ्या कॉलेजांची अभिवाचन स्पर्धा भरणार आहे. चिठ्ठी टाकून प्रत्येकाला कथेचा एक उतारा देतात आणि तो कागद हातात धरून सगळ्यांसमोर वाचायचा. पाठ करून म्हटलं तर बाद.

पायल नाव द्यायला गेली तेव्हा मी नोटीस लावायला तिथेच होतो. सांस्कृतिक समितीचे सर तिला प्रेमानं म्हणाले, "बाळ, गायन पण ठेवलंय बरं का. त्यात दे नाव."

"सर, मला गाता येत नाही."

"अगं, येईल की."

"नाही येत सर. दिसत नाही त्याला गाणं येतंच, असं कुठं आहे? माझा आवाज ऐकाल तर तुम्हीच थांबवाल. मला वाचायचंय."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "कागदाचं मी बघतो."

बाहेर आल्यावर पायल म्हणाली, "काका, शाळेत आम्ही आंधळी मुलंच एकमेकांना वाचून दाखवायचो. डोळस माणसांसमोर मी कधी वाचलेलं नाही. त्यांना वाटतं आम्ही फक्त ऐकतो आणि पाठ करतो."

बोलून बसलो खरा. घरी येऊन स्लेट काढली आणि उरलेला जाड कागद मोजायला बसलो.

४ डिसेंबर

उतारा मिळाला. चार छापील पानं. एका गावातली म्हातारी आणि तिच्या भाकऱ्या पळवणारी माकडीण, दोघींचं वैर. मजेशीर आहे. ग्रंथालयाच्या वेळेनंतर टोचत बसतो. मनगट दुखतं, पण टोच्याचा टकटक आवाज लागला की बरं वाटतं. विहारात बसल्यासारखं मन एका जागी राहतं.

९ डिसेंबर

सगळी पानं झाली. पायलनं एकदा वाचून काढली आणि चुका सांगितल्या, त्या मी दुरुस्त केल्या. माकडीण भाकरी पळवते तिथे ती वाचता वाचता थांबली आणि एकटीच हसली. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी ऐकवलं म्हणून नाही. तिचं ती वाचून हसली. मी उगाच कपाट पुसत राहिलो.

उन्मेष म्हणाला, "पाठ करू नको हां, बाद करतील."

"पाठ करायला वेळ कुणाला आहे? आईला बरं नाही, कँटीनला ती देते त्या पोळ्या उद्यापासून मी लाटणार आहे. पानं काकांकडेच राहू देत, घरी भावंडं लोळतात त्यावर."

१२ डिसेंबर

उद्या स्पर्धा. ती सुटी पानं बरी दिसेनात. बाकीची मुलं छान फायली घेऊन येणार, आणि आपल्या पोरीच्या हातात दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा. मला ते पटलं नाही.

दुपारी पानं शिवली, कापडी पाठ लावली, निळा पुठ्ठा चढवला. खळ सुकेपर्यंत नेहमीसारखं बाइंडिंगच्या लोखंडी प्रेसमध्ये घातलं. पानं फार फुगीर होती, बसेनात. चाक आणखी दोन फेरे आवळलं तेव्हा कुठे सपाट झाली. सकाळी काढीन. इतक्या वर्षांत इतकं देखणं पुस्तक माझ्या हातून झालेलं नाही.

मायाला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या ती पोरगी वाचणार आहे का तुमचा पुठ्ठा?"

मी नखांतली खळ काढत राहिलो.

१३ डिसेंबर

आज काय काय झालं ते ओळीनं लिहितो.

सकाळी ग्रंथालय उघडताच पायल आणि उन्मेष आले. मी प्रेसमधून पुस्तक काढून पायलच्या हातात दिलं. तिनं पुठ्ठ्यावरून हात फिरवला, "अय्या, काका," म्हणाली. मग पहिलं पान उघडलं. बोटं ओळीवरून गेली. परत मागे आली. मग तिनं पूर्ण पंजा पानावर फिरवला.

"काका, कोरी पानं का घातलीत?"

"कोरी कशी? हे बघ ना," मी म्हटलं आणि पहिली ओळ घडाघडा वाचून दाखवली. मला सगळे ठिपके दिसत होते. एकही गेला नव्हता.

उन्मेषनं बोट लावलं. दोनदा पान वर-खाली चाचपलं आणि म्हणाला, "काका, इस्त्री केलीत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ठिपक्यांचे डाग राहिले होते, उंचवटे गेले होते. मी रात्रभर ते दाबून सपाट केले होते. चाक आणखी दोन फेरे आवळून.

खुर्चीत बसलो. माधवी मॅडम आल्या, त्यांना उन्मेषनंच सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पायल, थोडंफार लक्षात असेल ना तुझ्या? आम्ही वाचून दाखवतो, तू ऐक आणि तसंच म्हण. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," पायल म्हणाली. "ऐकून म्हणायचं असतं तर गाण्यातच नाव दिलं असतं. राहू दे मॅडम. नाव काढून घेते."

तिचा आवाज बारीक झाला होता. उन्मेषनं काठी आपटली. "नाव बिव काही काढायचं नाही. काका, कागद आहे का जाड?"

"आहे."

"तुम्हाला टोचायला किती दिवस लागतात ते सोडा. आपण किती वेळात टोचतो ते बघा. तुम्ही फक्त वाचा."

पायलचा नंबर शेवटून दुसरा होता, तेवढाच आधार. छापील पानं वाटून घेतली. दोघांनी आपापली स्लेट काढली. मॅडम पहिली दोन पानं वाचत होत्या आणि पायल टोचत होती. मी पुढची दोन वाचत होतो आणि उन्मेष टोचत होता. काय तो हात! पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. माझी जीभ मागे पडायला लागली. इकडे सभागृहात माइक सुरू झाला, एकेक नाव पुकारलं जात होतं. मी एक डोळा घड्याळावर आणि एक कागदावर ठेवून भराभर सांगत होतो.

मध्येच उन्मेषनं विचारलं, "काका, कोण चढली? म्हातारी?"

"हो रे हो, म्हातारी. टोच तू पुढे."

शेवटचं पान झालं तेव्हा पायल स्टेजच्या पायरीशी उभी होती. मी धावत जाऊन पान तिच्या हातात कोंबलं. ना शिवण, ना पुठ्ठा. पत्रिकेच्या कागदाच्या मागे सोनेरी वेलबुट्टी तशीच.

तिनं टेबलावर पानं ठेवली, बोटं ठेवली आणि वाचायला लागली. सुरुवातीला आवाज दबका होता, मग मोकळा झाला. म्हातारीचा आवाज वेगळा, माकडिणीची लबाडी वेगळी. लोक हसत होते. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो आणि मनात पंचशील म्हणत होतो, का ते कळलं नाही, तेच तोंडात आलं.

मग ती जागा आली. छापील कथेत असं आहे: म्हातारीनं पदर खोचला आणि काठी आणायला घरात वळली. तिची पाठ फिरताच माकडिणीनं भाकरी उचलली आणि सरसर चिंचेवर चढून शेंड्याला जाऊन बसली.

पायलनं वाचलं, "म्हातारीनं पदर खोचला आणि सरसर चिंचेवर चढून शेंड्याला जाऊन बसली."

सभागृह हसून फुटलं. पायल क्षणभर थांबली. भुवया वर गेल्या. मग तिनं तसंच पुढे वाचलं, "तिथून ती भाकरी खात खात सगळ्या गावाकडे बघू लागली." आता तर लोक बाकं बडवायला लागले. एका 'आणि'वरून माझी नजर घसरून दुसऱ्या 'आणि'वर पडली होती. मधलं सगळं गेलं होतं. एकाच दिवसात त्या पोरीचं मी दोनदा वाटोळं केलं.

वाचन संपलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात दुसऱ्या एका कॉलेजचे सर उठले. परीक्षक बाईंना म्हणाले, "मॅडम, माझी हरकत आहे. ही मुलगी कागदाकडे एकदाही बघत नव्हती."

कुणीतरी मागून ओरडलं, "सर, ती कशी बघणार?"

"बोटं नुसती फिरवताही येतात. आमचा मुलगा नियमानं वाचून गेला, म्हणून बोलतो. हिनं पाठ केलंय आणि मध्येच विसरली, म्हणून म्हातारीला झाडावर चढवलं."

परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, बदलापूरच्या निवृत्त शिक्षिका. त्या हातातल्या छापील कागदाकडे बघत राहिल्या. पायल स्टेजवर एकटी उभी. "मी वाचलंय," एवढंच म्हणाली.

मला राहवलं नाही. तिच्या अंगावर माझी चूक जायला नको, एवढंच डोक्यात होतं. नंबर तर गेलाच, निदान बोल तरी लागू नये. मी पुढे जाऊन म्हटलं, "बाई, ती विसरलेली नाही. तिच्या कागदावर तसंच आहे. सांगताना माझी ओळ सुटली. गुण कापायचे तर कापा, पण चूक माझी आहे."

"तिच्या कागदावर म्हातारीच चढते?"

"हो."

"तुम्हाला वाचता येतं हे?"

"बघून येतं. हळूहळू."

त्यांनी पायलकडचं ते पान घेऊन माझ्या हातात दिलं. मी खिडकीशी गेलो, कागद तिरपा धरला, सावल्या पडू दिल्या. दुसरीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत वाचलं. म्हा-ता-री-नं प-द-र खो-च-ला आ-णि. चिंचेच्या शेंड्यापर्यंत पोचायला मला बराच वेळ लागला. बाईंनी आणखी दोन ओळी वाचायला लावल्या आणि छापील कागदाशी ताडून पाहिल्या.

मग त्या हसायला लागल्या. हरकत घेणाऱ्या सरांना म्हणाल्या, "सर, तुमची शंका मिटली का?" ते सरही हसले आणि हात जोडून खाली बसले.

मला काही समजेना. मी चूक कबूल करायला गेलो होतो, यात हसण्यासारखं काय होतं? निकालापर्यंत मान खाली घालून बसलो. माधवी मॅडमनी शेवटी समजावून सांगितलं, "अहो भीमराव, पाठ केलं असतं तर तिनं तुमची चूक कशी म्हटली असती? ती चूक फक्त त्या कागदावर होती."

पायलला दुसरा क्रमांक मिळाला. निकाल सांगताना बाई म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी कागदात तोंड खुपसून वाचलं. ही एकटी शेवटपर्यंत श्रोत्यांकडे तोंड करून वाचत होती. ते गुण तिला पूर्ण दिलेत."

पायल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, मी कुणाकडे बघत होते?"

"तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ होते. बिचारे सगळा वेळ ताठ बसून होते."

घरी येऊन मायाला सगळं सांगितलं. पुठ्ठ्याचंही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हात धुवा. भाकरी वाढते, चिंचेवर जायला नको."

१५ डिसेंबर

सकाळी दोघं ग्रंथालयात आली. मी पायलला म्हटलं, "ते पान दे, सुटलेली ओळ घालून नवीन करतो."

"अजिबात नाही. माझ्या कागदावर म्हातारी वरच राहणार."

"अगं, गोष्ट चुकीची राहील."

"स्टेजवर मलाही कळलं होतं काका, हे चुकलंय. आधी एकदा वाचलं होतंच ना मी. पण बोटाखाली आलं ते वाचलं. वाचायचं म्हणजे तेच ना?"

उन्मेष म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण ती उतरली कशी?"

"कोण?"

"म्हातारी. मी रविवारभर विचार करतोय. एवढ्या वयात चिंचेवरून उतरायचं म्हणजे खायचं काम आहे का?"

पायल म्हणाली, "काका, तुम्ही चढवलीत, तुम्हीच उतरवा."

मी स्लेटमध्ये कागद अडकवला. आजवर जे टोचलं ते कुठल्या ना कुठल्या कागदावरून बघून. आज समोर काहीच नव्हतं. बराच वेळ टोच्या हातात धरून बसलो. मग एकच ओळ टोचली, कागद काढला आणि पायलकडे दिला.

तिनं बोट फिरवलं आणि मोठ्यानं हसली.

"काय आहे? काय लिहिलंय? वाच ना," उन्मेष म्हणाला.

"नाही. आधी चहा सांगून ये."

"ही दादागिरी आहे."

"मग नको वाचू."

उन्मेष कुरकुरत काठी घेऊन कँटीनकडे गेला. मी परत आलेली पुस्तकं लावायला उठलो. काउंटरवर पायल खाली मान घालून, तोंडातल्या तोंडात पुटपुटत, ती ओळ पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचत होती.